राजांची जोडी कधी मोडावी?

हातात पाच पानं आली आहेत: इस्पिकचा राजा, चौकटचा राजा, इस्पिकची राणी, इस्पिकचा गुलाम आणि किलवरची तिर्री. समोर माणूस नाही, व्हिडिओ पोकरचं, म्हणजे पडद्यावर पत्ते वाटणारं यंत्र आहे. पानं बदलून घ्यायची मुभा एकदाच, पण हवी तेवढी बदलता येतात. राजांची जोडी ठेवली तर लावलेले पैसे परत मिळणार, हे आत्ताच पक्कं झालंय. मात्र इस्पिकची तीन चित्रं ठेवून उरलेली दोन पानं टाकली आणि बदल्यात इस्पिकचाच एक्का आणि दश्शी आली, तर रॉयल फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाच पानं! यंत्रातलं सगळ्यात मोठं बक्षीस. काय कराल?

लास व्हेगासमधला मुरलेला खेळाडू हातातल्या पानांकडे बघण्याआधी मान वर करून यंत्राच्या डोक्यावरचा लाल आकडा बघेल. तो आकडा म्हणजे प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट. खेळणाऱ्यांनी लावलेल्या प्रत्येक पैशातला छोटासा वाटा त्यात जमा होत जातो, आणि कुणाला रॉयल फ्लश लागला की आकडा पुन्हा मूळपदावर येतो. राजांची जोडी ठेवायची की मोडायची, हे तो आकडा ठरवतो.

आधी यंत्राविषयी थोडं. व्हिडिओ पोकर १९७९ मध्ये नेवाडात, म्हणजे लास व्हेगासच्याच राज्यात रुजलं ते साय रेड या माणसामुळे. जुगाराची यंत्रं बनवणाऱ्या त्याच्या कंपनीचं नाव पुढे आयजीटी झालं. पण पत्त्यांच्या यंत्रांची कल्पना त्याहून फार जुनी. १८९१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सिटमन आणि पिट यांनी पाच फिरत्या नळकांड्यांवर पत्ते चिकटवलेलं यंत्र आणलं होतं. त्यात पानं ५२ नव्हे, ५० असत. बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम गायब केलेले. दोनच पानं कमी, पण प्रत्येक रॉयल फ्लशला दश्शी आणि गुलाम दोन्ही लागतात. त्यामुळे इस्पिक आणि बदामचे रॉयल फ्लश कायमचे बाद, म्हणजे चारांतले दोनच उरले. गिऱ्हाईक पानं मोजत बसत नाही, हे त्या मंडळींना बरोबर ठाऊक होतं.

नेवाडाच्या नियमाने हीच वाट बंद केली. पडद्यावर पत्ते दाखवायचे असतील तर प्रत्येक पान येण्याची शक्यता पत्त्यांच्या खऱ्या कॅटमध्ये असते तेवढीच हवी. चक्रं फिरणाऱ्या स्लॉट मशीनमध्ये आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. पोकरच्या यंत्रात मात्र ५२ पानं आणि काचेवर छापलेला बक्षिसांचा तक्ता एवढ्यावरून सगळं गणित घरी बसून करता येतं. (सगळीकडे हा भरवसा धरू नये. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या काही कॅसिनोंत पडद्यावर पोकर दिसतो, पण निकाल आत चालणाऱ्या बिंगोवरून लागतो.)

तक्ता समजायला दिवाळीतली तीन पत्ती पुरेशी आहे, पोलिसांच्या बातम्यांत जिला तिरट म्हणतात तीच. फरक एका ठिकाणी आहे, आणि तो मला फार आवडतो. तीन पत्तीत सीक्वेन्स (लागोपाठची पानं) कलरवर (सगळी एकाच चिन्हाची पानं) भारी, पोकरमध्ये कलर सीक्वेन्सवर भारी. हा कुणाच्या लहरीचा प्रश्न नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधे सीक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६, म्हणजे सीक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. तिथे सीक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. दोन पानं वाढली आणि पारडं उलटं झालं.

आता तक्ता. सगळ्यात प्रसिद्ध खेळ ‘जॅक्स ऑर बेटर’, म्हणजे किमान गुलामांची जोडी असेल तरच पैसे. जोडीला लावलेल्या रकमेच्या १ पट, दोन जोड्यांना २, तीन एकसारख्या पानांना (उदाहरणार्थ तीन राजांना) ३, सीक्वेन्सला ४, कलरला ६, फुल हाउसला (तीन एकाची, दोन दुसऱ्याची) ९, चौकडीला (चार एकसारख्या पानांना) २५, प्युअर सीक्वेन्सला (एकाच चिन्हाच्या सीक्वेन्सला) ५० आणि रॉयल फ्लशला ८०० पट. फुल हाउसचे ९ आणि कलरचे ६, म्हणून खेळाडू याला नाइन-सिक्स म्हणतात. एकही चूक न करता खेळलं तर दर १०० रुपयांमागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. एक अट आहे. ८०० पट मिळवायला पूर्ण पाच नाणी लावावी लागतात. कमी लावली तर रॉयलला २५० पटच, आणि प्रोग्रेसिव्ह यंत्रावर जॅकपॉटशी तुमचा संबंधच उरत नाही. क्वार्टरच्या, म्हणजे पाव डॉलरच्या यंत्रावर पाच नाणी म्हणजे सव्वा डॉलर, आणि रॉयलचं मूळ बक्षीस १,००० डॉलर.

राजांच्या जोडीकडे परत येऊ. हातातली पाच सोडून ४७ पानं उरली. जोडी ठेवली तर तीन नवी पानं १६,२१५ प्रकारे येऊ शकतात. त्या सगळ्या प्रकारांत मिळणाऱ्या बक्षिसांची बेरीज येते २४,९१५ पट. भागाकार केला की १.५३७. जोडीची ही किंमत, आणि जॅकपॉट कितीही फुगला तरी ती बदलत नाही.

जोडी मोडली तर दोनच पानं घ्यायची, १,०८१ प्रकारे. त्यात रॉयल एक, त्याचे ८००. दश्शी-नव्वी येऊन प्युअर सीक्वेन्स एक, त्याचे ५०. साधे कलर ४३, म्हणजे २५८. सीक्वेन्स ३०, म्हणजे १२०. तीन एकसारखी ७ वेळा, २१. दोन जोड्या २१ वेळा, ४२. आणि पैसे परत देणारी एक जोडी ३१८ वेळा. एकूण १,६०९. भागाकार १.४८८.

म्हणजे मूळ बक्षिसावर जोडी ठेवणंच बरोबर. पण थोडक्यात बरोबर! मोडणाऱ्याच्या बेरजेला ५२ पट कमी पडतायत, आणि त्याच्या बेरजेतला रॉयलचा आकडाच तेवढा हलता आहे. तो ८०० चा ८५२ झाला, म्हणजे क्वार्टरच्या यंत्रावर मीटर (तो वरचा लाल आकडा) १,००० वरून १,०६५ डॉलरवर गेलं, की तराजू समान होतो. त्यापुढे हातात आलेली राजांची जोडी फेकून द्यायची. शेजारचा माणूस वेड्यात काढेल, काढू दे.

प्रोग्रेसिव्ह खेळ अवघड होतो तो इथे. मीटर चढतं तसे असे अनेक निर्णय एकेक करून पालटतात, आणि मागच्या आठवड्यात पाठ केलेली रीत आज थोडी चुकीची ठरते.

पण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. जोडी मोडणं फायद्याचं झालं म्हणून खेळ फायद्याचा झाला का?

जॅकपॉटची किंमत लावायची माझी आवडती पद्धत अशी: रॉयलचं बक्षीस शून्य आहे असं क्षणभर धरा. नाइन-सिक्स यंत्रावर योग्य खेळाने रॉयल सरासरी ४०,३९१ हातांमागे एकदा लागतो, आणि त्याचा परताव्यातला वाटा १.९८ टक्के. तो काढला तर परतावा उरतो ९७.५६ टक्के. म्हणजे सव्वा डॉलरच्या प्रत्येक हातामागे सुमारे तीन सेंट गळतात. खिशाला भोक असल्यासारखं. ४०,३९१ हातांत ही गळती होते साधारण १,२३० डॉलर. रॉयलची वाट बघण्याचं हे भाडं. मीटरवर त्याहून कमी आकडा असेल तर कॅसिनो कमावतोय, जास्त असेल तर तुम्ही. मघाशी सांगितलेले बदललेले निर्णय धरले तर हा उंबरठा किंचित खाली येतो, पण फार नाही.

त्यामुळे १,०६५ आणि १,२३० च्या मधला पट्टा मजेशीर आहे. तिथे राजांची जोडी मोडणं शहाणपणाचं, आणि मुळात त्या यंत्रापुढे बसणंच नुकसानीचं.

वेळेचाही हिशेब बघा. तासाला ६०० हात, हा सराईत माणसाचा वेग धरला तरी ४०,३९१ हातांना ६७ तास लागतात. आणि भाडं तासाला १८ डॉलर.

कॅसिनोवाले हे सगळं जाणून असतात. म्हणून प्रोग्रेसिव्ह मीटर बरेचदा नाइन-सिक्सवर नसतं, फुल हाउसला ८ आणि कलरला ५ देणाऱ्या यंत्रावर असतं. एकेकच आकडा कमी, पण या दोन गोष्टी दर ९० हातांमागे एकेकदा येत असल्याने परतावा थेट ९७.३० वर घसरतो. तिथे वाट बघण्याचं भाडं २,००० डॉलरच्या बरंच वर जातं. समजा २,२०० झाल्यावर बसायचं ठरवलं, आणि मीटरमध्ये लावलेल्या पैशांचा १ टक्का जमा होतो. १,००० वरून २,२०० ला पोचायला मीटरला १,२०० डॉलर हवेत, म्हणजे सगळ्या जोडलेल्या यंत्रांवर मिळून १,२०,००० डॉलर लागले पाहिजेत. सव्वा डॉलरच्या हिशेबाने ९६,००० हात, आणि त्या सगळ्यांत एकही रॉयल नको. असं घडण्याची शक्यता सुमारे ९ टक्के. शंभरातल्या एक्याण्णव वेळा मीटर तिथवर पोचायच्या आतच कुणीतरी ते रिकामं करून जातो. उरलेल्या नऊ वेळा जो येऊन बसतो, त्याचा फायदा आधी खेळून हरलेल्यांच्या खिशातून आलेला असतो. कॅसिनोला दोघांचंही वावडं नाही, त्याचा वाटा आधीच निघालेला असतो.

काही यंत्रांवर रॉयलच्या मोठ्या मीटरखाली चौकडीसाठी वेगळं छोटं मीटर असतं. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, कारण त्यावर ३१-३२ डॉलर असले किरकोळ आकडे दिसतात. पण चौकडी दर ४२३ हातांमागे एकदा येते. नाइन-सिक्सवर चौकडीचं बक्षीस २५ पटीचं २७ पट झालं, म्हणजे सव्वाएकतीस डॉलरचे पावणेचौतीस झाले, की परतावा ०.४७ टक्क्याने वाढतो आणि यंत्र शंभरीच्या पार जातं. तीच वाढ रॉयलकडून हवी असेल तर मोठं मीटर २३८ डॉलरने चढायला हवं. अडीच डॉलर विरुद्ध २३८. फक्त ते मीटर सगळ्या चौकड्यांचं आहे की एक्क्यांच्याच, हे आधी वाचून घ्यावं. एक्क्यांचंच असेल तर हा हिशेब लागू नाही.

आणि हे सगळं सरासरीचं झालं. ‘४०,३९१ हातांत एकदा’ म्हणजे तेवढे हात खेळलात की रॉयल देणं लागतो, असं नव्हे. यंत्राला मागचं काही आठवत नाही, प्रत्येक वेळी ५२ पानं नव्याने पिसली जातात. तेवढे हात खेळूनही एकदाही रॉयल न लागण्याची शक्यता ३७ टक्के. त्याच्या तिप्पट हात खेळूनही न लागण्याची ५ टक्के. म्हणजे हिशेब अचूक मांडून, उंबरठा ओलांडल्यावरच बसणाऱ्या वीस जणांत एकजण असा निघणार, जो एकही निर्णय न चुकता २०० तास खेळलाय, आणि साधारण ३,७०० डॉलर गमावून अजून इस्पिकच्या दश्शीची वाट बघतोय.