पुतळ्यांची माळ मोडीत घालण्याआधी

आजीची पुतळ्यांची माळ पेढीवर आली की पहिला प्रश्न असतो, "मोडीचे किती येतील?" आम्ही वजन करण्याआधी प्रत्येक पुतळी भिंगाखाली धरतो. हल्लीच्या पुतळ्या साच्यात दाबलेल्या पातळ चकत्या असतात. जुन्या माळेत मात्र एखादी पुतळी खरं नाणं असू शकते, तेही इटलीतल्या व्हेनिस शहराचं.

पश्चिम युरोपात कित्येक शतकं बाजार चालायचा तो चांदीच्या लहान नाण्यांवर. १२५२ साली जिनोव्हा आणि फ्लॉरेन्स या व्यापारी शहरांनी पुन्हा सोन्याचं नाणं पाडलं. फ्लॉरेन्सच्या फ्लोरिनवर लिलीचं फूल होतं. व्हेनिसने १२८४ साली, जोव्हान्नी दान्दोलो हा तिथला प्रमुख म्हणजे डोज असताना, त्याच तोलाचं नाणं काढायचं ठरवलं. ते डुकाट. वजन साधारण ३.५ ग्रॅम आणि शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर. आजचा २२ कॅरेटचा दागिना ९१.६ टक्के असतो, यावरून त्या कारागिरांचा हात ओळखा.

आम्हाला याहून मोठी वाटते ती व्हेनिसची सचोटी. १७९७ साली नेपोलियनमुळे ते गणराज्य संपेपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षं, ना सोन्यात खोट आली, ना चित्र बदललं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज घेणारा डोज, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. बदलायचं ते फक्त डोजचं नाव. नाण्यावर साल नसतं, त्यामुळे काळ ठरतो तो या नावावरून. पुढे याच नाण्याला झेक्किनो म्हणू लागले. झेक्का म्हणजे टाकसाळ. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून गेलेला, आपला शिक्काही तिथलाच.

इकडे ते आलं मिरीपायी. व्हेनिसची गलबतं अलेक्झांड्रियाला मसाले घेत आणि बदल्यात सोनं-चांदी मोजत. तिथून तांबड्या समुद्रातून हे सोनं गुजरात आणि मलबारच्या बंदरांत उतरे. नाण्यावरची लॅटिन अक्षरं इथे कोण वाचणार? पण चित्र ओळखीचं झालं होतं, आणि चित्र तेच तर सोनंही तेच. इजिप्तच्या सुलतान बार्सबायने १४२५ साली आपली अश्रफी याच तोलाची केली. आपल्याकडे नाण्यावरच्या त्या आकृत्यांवरून नाव पडलं पुतळी. कित्येकांनी त्यांत राम-सीता पाहिली आणि नाणं गळ्यात आलं.

मागणी वाढली तशा इथल्या सोनारांनीही नकला पाडल्या. त्या ओळखायला सोप्या : अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके, आकृत्या काडीसारख्या. नक्कल निघाली म्हणून हिरमुसू नका, तीही शे-दोनशे वर्षांची असू शकते.

एक कळकळीची विनंती. पुतळी चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, आणि झाळलेली कडी घरी उपटू नका. कडीमुळे संग्राहकाच्या लेखी किंमत कमी होते हे खरं, पण उपटताना डोजचं नावच गेलं तर ओळखही जाते.

आणि मुलं परदेशात असतील तर हेही ध्यानात ठेवा : शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.