मेडे कधी आणि पॅन-पॅन कधी?

समुद्रात संकट आलं की बोटीवरून रेडिओवर मदतीची हाक देतात. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’, त्याच्या एक पायरी खाली ‘पॅन-पॅन’. मेडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर फार शाई खर्च करत नाही. व्हीएचएफ (बोटीवरचा जवळच्या पल्ल्याचा) रेडिओ, चॅनेल १६, शब्द तीनदा. मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय, कसली मदत हवी, बोटीवर माणसं किती. एक मेशी त्याचा काही संबंध नाही, फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’वरून तो आला. पॅन-पॅनचं मूळही फ्रेंचच, तिथे ‘पान’ म्हणजे बिघाड. ही जोडीही तीनदा म्हणायची. झालं.

खरा घोटाळा पुढे आहे. शिडाची बोट नव्याने चालवणाऱ्यांकडून वारंवार ऐकतो की मोठा बिघाड म्हणजे मेडे आणि छोटा बिघाड म्हणजे पॅन-पॅन. हे साफ चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे. बिघाड केवढा हे मोजायचंच नसतं. बोट किंवा माणूस हातचा जाण्याचा धोका आत्ता येऊन ठेपलाय का, मदत ताबडतोब हवी का, एवढंच पाहायचं. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर मेडे. प्रसंग काळजीचा आहे पण हाताशी अजून वेळ आहे, तर पॅन-पॅन.

मांडव्याहून गेटवेकडे येताना वारा पडला आणि नेमकं इंजिनही बंद पडलं. भोवती मोकळं पाणी आहे, नांगर धरून आहे. इथे पॅन-पॅन. आता तेच इंजिन कुलाब्याच्या टोकाजवळ बंद पडलंय, प्रवाह प्राँग्जच्या खडकांकडे ओढतोय आणि नांगर घसरतोय. इथे मेडे, एक क्षणही न दवडता. डेकवर घसरून कोणाचा हात मोडला पण माणूस शुद्धीवर आहे, तर पॅन-पॅन. शिडाच्या बूमचा, म्हणजे खालच्या आडव्या दांड्याचा, फटका डोक्यात बसून बेशुद्ध पडला, तर मेडे. पाण्यात पडलेला माणूस लाटांत दिसेनासा झाला तरीही मेडे, आणि तो पहिल्याच मिनिटाला. आधी स्वतः शोधून दमायचं आणि मग रेडिओ उचलायचा, असं करू नका.

सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत कमांडर अभिलाष टॉमी यांच्या गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या बोटीच्याही डोलकाठ्या गेल्या. टॉमींची पाठ इतकी जबर दुखावली होती की उठता येत नव्हतं. मॅकगकिन मात्र धडधाकट होते. त्यांनी कामचलाऊ डोलकाठी उभारली आणि टॉमींच्याच दिशेने निघाले. मोडतोड दोघांकडे सारखीच होती, तातडी मात्र सारखी नव्हती. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचललं.

सगळ्यात जास्त चीड येते ती गप्प बसणाऱ्यांची. ‘एवढ्याशासाठी मेडे कसला द्यायचा’ म्हणत लोक वाट पाहतात, कारण मधली पायरी त्यांना माहीतच नसते. पॅन-पॅन लवकर द्या. तुम्ही कुठे आहात हे तटरक्षक दलाला कळतं, आसपासच्या बोटी सावध होतात. परिस्थिती चिघळली तर तिथूनच मेडेवर जाता येतं. निवळली तर त्याच चॅनेलवर रद्द करा, त्यात लाज कसली? आणि धोका येऊन ठेपलाय की नाही याची शंका असेल, तर मेडेच.

रेडिओवरचं झाकणाखालचं, संकटाचा इशारा आपोआप पाठवणारं लाल बटण मात्र फक्त मेडेसाठी आहे. मोकळ्या पाण्यात इंजिन रुसलं म्हणून ते दाबू नका. पॅन-पॅनला माइक उचलून बोललं की पुरतं. दुसऱ्याची बोट बुडताना दिसली तर ‘मेडे रिले’ म्हणा, नाहीतर सगळे तुम्हालाच शोधत येतील.

किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ जरूर लावा, पण रेडिओनंतर. फोन एकालाच ऐकू जातो. चॅनेल १६ वरची हाक अर्ध्या मैलावरच्या बोटीलाही ऐकू जाते, आणि बहुतेकदा आधी पोहोचते ती तीच.