झुलू भाषेतला 'च्च' कुठून आला?

दक्षिण आफ्रिकेतली झुलू भाषा बोलणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. मध्येच जिभेचा 'टक्' असा आवाज येतो आणि कुणीतरी ठोकून देते, की ही आदिमानवाची भाषा! हे साफ चूक आहे.

हळहळताना आपण 'च्च च्च' करतो, तो याच जातीचा ध्वनी. मराठीत तो शब्दांच्या बाहेर राहतो, झुलूत मात्र ते 'क' किंवा 'ट'सारखे रीतसर व्यंजन आहे. 1879 साली इसांडलवाना इथे ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवणाऱ्या झुलूंचा राजा सेत्श्वायो. त्याच्या नावाचा आरंभ याच ध्वनीने होतो. 'से' ही आपण लिहिण्यासाठी केलेली सोय.

आता खरी गंमत. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला चिकटतो, टोक दातांमागे टेकते आणि मध्ये थोडी हवा कोंडते. दोन्हीकडची पकड न सोडता जिभेचा मधला भाग खाली ओढला जातो. पोकळी वाढते, हवा तेवढीच राहते, म्हणून दाब उतरतो. शाळेतला बॉइलचा नियम तो हाच. मग टोक सुटते, बाहेरची हवा आत घुसते आणि 'च्च' वाजते. फुप्फुसातल्या हवेची इथे गरजच नाही. म्हणून 'च्च' करता करता नाकातून गुणगुणता येते, करून पाहा! झुलूत ही पकड तीन ठिकाणी सुटते: दातांमागे, वर टाळूपाशी आणि बाजूला दाढांकडे. प्रत्येकीला महाप्राण ('ख'सारखी), घोष ('ग'सारखी), अनुनासिक (नाकातली) अशी जोड मिळून व्यंजनांचा मोठा संच तयार होतो.

झुलू आफ्रिकेतल्या बांटू भाषाकुळातली, आणि बहुतेक बांटू भाषांत हे ध्वनी नाहीत. दक्षिणेकडे सरकलेल्या शेतकरी-पशुपालकांनी ते तिथे आधीपासून राहणाऱ्या खोइसान भाषिकांकडून उचलले. म्हणजे झुलूपुरते तरी ते आदिम नव्हेत, नंतर आलेले आहेत.

पण परके ध्वनी इतके खोल कसे रुजले? अनेक भाषाशास्त्रज्ञ 'हलोनिफा' या प्रथेकडे बोट दाखवतात. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. झुलू सुनेने सासऱ्याचे नाव तर टाळायचेच, शिवाय त्या नावातली अक्षरे ज्यात येतात ते रोजचे शब्दही टाळायचे. प्रथा जाचक खरी. पण या बायकांनी शब्दांतली व्यंजने बदलून वेगळी बोली घडवली आणि त्या बदलात शेजाऱ्यांचे ध्वनी कामी आले. खोइसान बायका लग्न होऊन या घरांत येतही होत्या. आईकडूनच मुलांत उतरणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत, आजच्या अनेक झुलू माणसांमध्ये, त्यांचा वारसा सापडतो.