त्स्वेत यांची नळी आणि पंचवीस वर्षांची उपेक्षा

गाळणे, ऊर्ध्वपातन आणि स्फटिकीकरण या पद्धती शतकानुशतके वापरात असल्या, तरी हिरव्या पानातील रंगद्रव्ये वेगळी करताना त्या अपुऱ्या पडत. ही द्रव्ये रचनेने एकमेकांच्या फार जवळची असतात आणि उष्णतेने किंवा आम्लाने चटकन बिघडतात. त्यामुळे हाती आलेले द्रव्य मूळ पानातले की प्रक्रियेत तयार झालेले, हे ठरवणे कठीण होते.

या अडचणीतून वाट काढली ती मिखाईल त्स्वेत (१८७२–१९१९) या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने. वॉर्सा येथे १९०३ मध्ये त्यांनी क्रोमॅटोग्राफी म्हणजेच वर्णलेखन या पद्धतीची आपली कल्पना मांडली आणि १९०६ मध्ये जर्मन नियतकालिकात ती सविस्तर प्रसिद्ध केली. काचेच्या अरुंद नळीत कॅल्शिअम कार्बोनेटची बारीक पूड ठासून भरायची, तिच्यावर पानांचा अर्क ओतायचा आणि वरून शुद्ध द्रावक सोडत राहायचे. पुडीच्या कणांना जे द्रव्य घट्ट चिकटते ते मागे रेंगाळते, सैल चिकटणारे द्रावकाबरोबर पुढे सरकते, आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे एकाखाली एक उमटतात. हरितद्रव्याचे दोन्ही प्रकार अशा रीतीने तापवल्याशिवाय वेगळे झाले. हा सौम्यपणाच मला या पद्धतीचा खरा गुण वाटतो.

तरीही बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी तिच्याकडे पाठ फिरवली. त्यांना तोलता येईल इतके शुद्ध, स्फटिकरूप द्रव्य हवे होते आणि नळीतून मिळणारी मात्रा अत्यल्प होती. शिवाय नळीतच रंगद्रव्ये बदलत असावीत, अशी शंका रिचर्ड विल्श्टेटर यांच्यासारख्या अधिकारी संशोधकाने घेतली. पहिल्या महायुद्धाने त्स्वेत यांना वॉर्सा सोडावे लागले आणि वोरोनेझ येथे त्यांचा मृत्यू झाला.

१९३१ मध्ये हायडेलबर्गला रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी हीच पद्धत वापरून कॅरोटिन या गाजरातील केशरी रंगद्रव्याचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार वेगळे केले, तेव्हा कुठे तिचे मोल पटले. पुढची वाटचाल वेगवान झाली. लोकरीतील अमिनो आम्लांचा अभ्यास करणाऱ्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये, दोन द्रवांत पदार्थ कमी-अधिक प्रमाणात विभागला जातो या तत्त्वावर तिचे नवे रूप घडवले. त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४४ मध्ये पुडीच्या जागी गाळणकागद आला; शाळेत शाईचे रंग वेगळे करतात ते याच पद्धतीने, आणि फ्रेडरिक सँगर यांना इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम उलगडताना तिचाच मोठा आधार झाला.