ग्रुप वेगळा, झिरो वेगळा: .२२ रायफलीची साईट लावण्याआधी

५० मीटरच्या रेंजवर दोन नेमबाज शेजारीशेजारी प्रोन स्थितीत (पोटावर झोपून) पाच-पाच गोळ्या मारतात. पहिल्याचे गुण ८, ७, ८, ७, ७, म्हणजे ३७. दुसऱ्याचे ८, ८, ८, ८, ९, म्हणजे ४१. आकडे बघून कुणीही दुसऱ्याची पाठ थोपटेल. पण साईटचे (नेम धरायच्या साधनाचे) दोन नॉब फिरवले की पहिल्याचे याच नेमबाजीत ५० होतात. दुसऱ्याने दिवसभर नॉब फिरवले तरी त्याच्या हाती काही लागणार नाही.

पहिल्याचा ग्रुप उत्तम आहे आणि झिरो चुकलेला आहे. दुसऱ्याचा झिरो अगदी बरोबर आहे, ग्रुप मात्र विस्कटलेला आहे. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात, तो ग्रुप. त्या पुंजक्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून किती आणि कुठल्या बाजूला आहे, ते सांगतो झिरो. एनसीसीत .२२ने फायरिंग केलेल्यांना ‘ग्रुपिंग’ हा शब्द ठाऊक असतो. तिथे पाच छेद किती जवळजवळ आहेत हे मोजतात, ते टार्गेटवर कुठे पडले हे नाही. आधी ग्रुप, मग झिरो, हा क्रम अगदी योग्य आहे.

आता टार्गेट जवळून पाहू. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि पुढचं प्रत्येक कडं ८ मिमीने बाहेर सरकतं. गोळीचा व्यास ५.६ मिमी, आणि छेदाची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो.

पहिल्याचे छेद मध्यापासून उजवीकडे ६, ११, ९, १४, १० मिमी आहेत. बेरीज ५०, सरासरी १०. खाली १८, २२, १५, २०, २५. बेरीज १००, सरासरी २०. एकमेकांपासून सर्वांत लांबच्या दोन छेदांमध्ये, केंद्रापासून केंद्रापर्यंत, फक्त १० मिमी. दुसऱ्याच्या छेदांचा सरासरी मध्य टार्गेटच्या बरोब्बर मध्यावर येतो, पण दोन टोकांच्या छेदांत ४२ मिमीचं अंतर आहे.

पहिल्याचं काम आता निव्वळ अंकगणिताचं आहे. बॅकसाईट (डोळ्याजवळची साईट) नॉबच्या एका क्लिकला, म्हणजे एका खटक्याला, ०.०५ मिमी सरकते आणि फोरसाईटपासून (बॅरलच्या टोकावरच्या साईटपासून) बॅकसाईटपर्यंत ८०० मिमी अंतर आहे असं धरा. ०.०५ ला ८०० ने भागून ५०,००० मिमीने गुणलं की टार्गेटवर एका क्लिकचे सुमारे ३.१ मिमी येतात. म्हणून डावीकडे ३ क्लिक (९.३ मिमी) आणि वर ६ क्लिक (१८.६ मिमी). तोच पुंजका इतका सरकला की पाचही छेद दहाला लागतात. तुमच्या साईटचा क्लिक वेगळा असेल, तेव्हा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. हीच साईट १० मीटरवर वापरली तर क्लिकचं माप पाचव्या हिश्श्यावर येतं.

दिशा ठरवताना बरेच जण फसतात. गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाईट सरकवायची. फोरसाईट हलवायची असेल तर उलट. नॉबवरच्या बाणांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. काही साईटवर बाण ‘गोळी इकडे न्या’ असं सांगतो, तर काहींवर ‘गोळी इकडे पडली असेल तर असं फिरवा’ असं. नवी साईट हाती आली की एका दिशेला १० क्लिक फिरवून पाच गोळ्या मारा आणि पुंजका कुठे गेला ते वहीत लिहा. क्लिकचं खरं मापही त्यातूनच कळतं. वापरलेल्या साईटच्या स्क्रूत ढिलाई असते, त्यामुळे दिशा उलटवल्यावर पहिला क्लिक कधीकधी वाया जातो. दोन-तीन क्लिक जास्त जाऊन परत या, आणि शेवट नेहमी एकाच दिशेने करा.

दुसऱ्याची गोष्ट अवघड आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. त्याची गोळी वर गेली की तो साईट खाली घेतो, पुढची डावीकडे गेली की उजवीकडे घेतो. प्रत्येक गोळीमागे अशी पूर्ण दुरुस्ती करत राहिलं तर विखुरणं कमी होत नाही, उलट सुमारे १.४ पट वाढतं, कारण गोळीच्या स्वतःच्या विचलनात मागच्या गोळीचं विचलन मिसळतं. म्हणून एका छेदावरून साईट हलवू नये. निदान पाच गोळ्या मारा, जमल्यास दहा. चुकून ट्रिगर ओढला गेला आणि ते तुम्हाला त्याच क्षणी जाणवलं, तर ती गोळी हिशेबातून वगळा. टार्गेट पाहिल्यावर नको वाटलेली गोळी वगळायची नाही.

ग्रुप का विस्कटला हे त्याच्या आकारावरून बऱ्याचदा कळतं. छेद उभ्या ओळीत असतील तर श्वास दरवेळी वेगळ्या जागी थांबतोय, किंवा काडतुसांचा वेग सारखा नाही. आडव्या ओळीत असतील तर वारा, ट्रिगरवरचं बोट किंवा शरीराची नैसर्गिक दिशा तपासा. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट टार्गेटवरून सरकलेली दिसली तर रायफल हाताने ढकलू नका, अख्खं शरीर फिरवा. दोन स्वच्छ पुंजके दिसले तर गाल स्टॉकवर (रायफलीच्या दस्त्यावर) दोन जागी टेकतोय, किंवा साईटचा क्लॅम्प वा ॲक्शन (बॅरलमागचा यांत्रिक भाग) स्टॉकला धरणारा स्क्रू सैल आहे. बॅरल साफ केल्यावरच्या पहिल्या काही गोळ्याही भटकतात. त्या मोजू नका.

काही चुका ग्रुप घट्ट ठेवून झिरो चुकल्याचं सोंग घेतात. रायफल दरवेळी सारखीच ५ अंशांनी कलंडली, तर मॅच (स्पर्धेच्या) काडतुसाची गोळी ५० मीटरवर त्या बाजूला सुमारे ११ मिमी जाते, म्हणजे एका कड्यापेक्षा जास्त. पुंजका छान दिसतो, नेमबाज क्लिक फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी रायफल सरळ धरली की सगळं बिघडतं. एकसारखा वाहणारा वाराही तेच करतो. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) बॅरलमधली गोळी उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर जाते. म्हणून झिरो करताना रेंजवरचे वाऱ्याचे झेंडे शांत असण्याची वाट पाहणं परवडतं.

काडतुसांचा लॉट (एकत्र बनलेली खेप) बदलला की दोन्ही गोष्टी पुन्हा तपासाव्या लागतात: आधी ग्रुप, मग झिरो. शरीराची स्थिती बदलली तरी झिरो हलतो, कारण गाल, खांदा आणि रायफलीचा धक्का यांचं गणित बदलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन आणि स्टँडिंग (उभ्याने) एकाच सामन्यात येतात. प्रत्येकीचा झिरो वेगळा असल्याने कुठून कुठे किती क्लिक जायचं हे आधीच माहीत असावं लागतं. सायटर गोळ्या, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या, फक्त खात्री करायला.

हे आकडे नॉबवरच्या खुणेने लिहू नका. नॉब एक पूर्ण फेरा पुढे गेला तरी खूण तीच दिसते. रायफल रिकामी, बोल्ट उघडा आणि सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) लावलेला असताना साईट हळूच सर्वांत खाली आणि सर्वांत डावीकडे टोकाला न्या, तिथून क्लिक मोजत परत झिरोवर या आणि तो आकडा लिहा: प्रोन, अमुक लॉट, खालून इतके, डावीकडून इतके. साईट काढून पेटीत ठेवली किंवा प्रवासात कुणाचा हात लागून नॉब फिरला, तरी या आकड्यांवरून पाच मिनिटांत जागेवर येता येतं.