डर्ट ट्रॅक स्टॉक कार शर्यत (हौशी वर्ग)

जुन्या प्रवासी मोटारीत मोजकेच बदल करून मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर खेळली जाणारी अमेरिकी शर्यत. ‘स्टॉक’ म्हणजे कारखान्यातून आली तशी गाडी. नॅसकार या अमेरिकेतल्या बड्या शर्यत-संघटनेच्या आजच्या गाड्यांना हे नाव केवळ रूढीने चिकटले आहे. शब्दाचा मूळ अर्थ थोडाफार टिकून आहे तो आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा अशा राज्यांतल्या लहान गावांत, आठवड्याअखेरच्या रात्री. हॉबी स्टॉक, स्ट्रीट स्टॉक, प्युअर स्टॉक ही काही वर्गांची नावे. नियम संघटनेगणिक, कधी ट्रॅकगणिकही बदलतात.

गाडी बहुधा १९७०-८० च्या दशकांतली शेवरोले मॉन्टे कार्लो किंवा तिच्या जातीची. काचा, मागची आसने, अस्तर सगळे काढून टाकतात. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, पुढच्या काचेच्या जागी गज आणि जाळी. दारे पक्की बंद केलेली असल्याने चालक खिडकीतून आत शिरतो. चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांचा वर्ग याहूनही स्वस्त पडतो.

ट्रॅक साधारण पाव ते अर्धा मैल (४०० ते ८०० मी.) लांबीचा. खरा खेळ मातीचा आहे. शर्यतीआधी चिकणमातीवर पाणी मारतात आणि गाड्या सावकाश फिरवून ती दाबून घेतात. ओल असेपर्यंत चाकांना पकड मिळते. रात्र चढते तशी माती वाळते, वापरातली पट्टी काळी आणि तुळतुळीत होते, सुटी माती बाहेरच्या कडेला बांधासारखी साचते. या बांधाला ‘कुशन’ म्हणतात. मागचे उजवे चाक त्याला टेकवून वळण घेणारा वेगात सुटतो. बांध ओलांडला तर बाहेर फेकला जातो. वळणे सगळी डावीकडे, पण मागची बाजू घसरत असल्याने पुढची चाके कित्येकदा उजवीकडे वळलेली दिसतात.

गाडी ‘स्टॉक’ आणि खर्च आटोक्यात ठेवणारे नियम लिहिणे सोपे, पाळून घेणे अवघड. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅसकारची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ वर्गातली पहिली शर्यत मातीवरच झाली. ग्लेन डनअवे पहिला आला, पण त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळला. चोरट्या दारूची वाहतूक करणाऱ्यांची ही युक्ती होती. विजय जिम रोपरला मिळाला.

स्प्रिंग वाकून पाहता येते. इंजिन दर रात्री कोण उघडणार? सीलबंद क्रेट इंजिन, म्हणजे कारखान्यातून तयार येणारे इंजिन, हा त्यावरचा एक तोडगा. दुसरा अधिक खट्याळ आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशनने १९७९ मध्ये कीथ नॅक यांच्या पुढाकाराने मॉडिफाइड, म्हणजे अधिक बदल केलेल्या गाड्यांचा वर्ग सुरू केला. त्यातून ‘क्लेम’चा (दाव्याचा) नियम विशेष गाजला: शर्यत संपताच पात्र प्रतिस्पर्ध्याने ठरावीक, मुद्दाम कमी ठेवलेली रक्कम पुढे केली की इंजिन त्याला द्यायचे. नकार दिला तर बक्षीस आणि गुण दोन्ही गेले. साहजिकच महागडे इंजिन बसवून जिंकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

फिनलंड आणि स्वीडनमध्ये याच जातीची ‘फोल्करेस’ चालते. फिनिश भाषेतले तिचे नाव ‘योकामिएहेनलुओक्का’, म्हणजे ‘कोणाही माणसाचा वर्ग’. तिथे नुसते इंजिन नव्हे, सबंध गाडीच ठरलेल्या किमतीला विक्रीस असते. गिऱ्हाइके एकाहून अधिक असली तर चिठ्ठ्या टाकतात, आणि विकायला नकार देणाऱ्याचा शर्यतीचा परवाना जातो.