चार आवाजांतला मांडो: पार्श्वभूमी

मांडो म्हणजे गोव्यातले कोंकणी प्रेमगीत. आज कॉयरच्या, म्हणजे वृंदगायकांच्या, हाती तो येतो तो बहुधा सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बास (सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत) अशा चार ओळींच्या प्रतीत. एकोणिसाव्या शतकात गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या कुडतरी, लोटली, राय या गावांतल्या घरांत, लग्नाच्या बैठकीत तो गायला जाई तेव्हा दोन आवाज, व्हायोलिन आणि घुमट (कातडे मढवलेले मातीचे तालवाद्य) एवढे पुरे असे. चर्चच्या शाळांत सोल्फेज (सुरांच्या नावांनी गायची पद्धत) शिकलेल्यांना चालीच्या जोडीचा दुसरा आवाज लिहून द्यावा लागत नसे. हुरहूर, मीलन, विलाप हे त्याचे विषय; १९०५ सालचा ‘आदेव्स कोरचो वेळ पावलो’ हा निरोपाचा.

१९६१च्या गोवामुक्तीनंतर मांडो मंचावर आणि स्पर्धांत गेला. मग वाद्यांशिवाय गाणाऱ्या कॉयरनी तो घेतला आणि दुसऱ्या आवाजाचे काय करायचे, हा वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही.

पारंपरिक दुसरा आवाज चालीच्या खाली थर्डने (चालीचा सूर धरून मोजलेल्या तिसऱ्या सुरावर) चालतो, पण ओळीच्या शेवटी सिक्स्थवर (सहाव्या सुरावर) जातो. त्याला कारण आहे. ए मायनरमध्ये (‘ए’ हा आधारसूर असलेल्या स्वरसप्तकात) चाल ‘ए’वर थांबली की थर्ड खाली ‘एफ’ येतो आणि ओळ लटकत राहते. सिक्स्थ खाली ‘सी’ येतो आणि ओळ मिटते. कानाने गाणारे हे आपोआप करतात. ऑल्टोची ओळ यांत्रिकपणे थर्डने उतरवणारा अरेंजर (चार आवाजांची रचना लिहिणारा) नेमका इथे फसतो. दुसरी चूक उपान्त्य सुरावर होते. चाल ‘बी’वर असताना ऑल्टोकडे ‘जी शार्प’ असतो. टेनरलाही तोच दिला तर दोघेही ‘ए’कडे ओढले जातात आणि समांतर ऑक्टेव्ह होतात, म्हणजे दोन ओळी एकच होऊन जातात. टेनरला ‘ई’ द्यावा.

एक पक्ष म्हणतो, चारही ओळी स्वतंत्र हव्यात, नाहीतर कॉयर कशाला? पण प्रत्येक मात्रेला कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) बदलला की प्रेमगीताचे भजन होते, तेही चर्चमधल्या रविवारच्या मिसाचे (प्रार्थनाविधीचे). वरचे दोन आवाज जोडीनेच ठेवावेत आणि टेनर-बासला लांब सूर द्यावेत, हाच मार्ग टिकाऊ दिसतो. बास फक्त कॉर्ड खरोखर बदलतो तिथे हलावा.

तालाचे लेखनही एकसारखे नाही. कुठे ६/४ (एका बारमध्ये, म्हणजे आवर्तनात, सहा मात्रा), कुठे ३/४ (तीन मात्रा). ३/४च्या प्रतीवरून गाणारे दर तीन मात्रांना जोर देतात, श्वासही तिथेच घेतात, आणि वॉल्ट्झ (तीन मात्रांचे युरोपीय नृत्यसंगीत) ऐकू येतो. तसे होत असेल तर दोन-दोन बार पेन्सिलीने जोडून घ्यावेत.

घुमट साथीला असेल तर बासने त्याचा ठेका दुणावू नये. घुमटाला पूर्वी लावत त्या घोरपडीच्या कातड्यावर १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आली, म्हणून आता बकऱ्याचे कातडे लावतात. पावसाळी हवेत ते सैल पडते आणि नाद बसतो. गाण्याआधी ऊब द्यावी लागते. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता मिळाल्यापासून ते मंचावर हटकून असते, रचनेत त्याला जागा असो वा नसो.

उच्चारांचा घोळ रोमी (रोमन) लिपीतल्या प्रतींमुळे होतो. कोंकणी न जाणणारे गायक त्या इटालियनसारख्या वाचतात आणि अनुनासिक गळतात. जे ते पाळतात ते पहिल्या मात्रेपासूनच नाकात जातात. लांब सुरावर आवाज झाकोळतो, पट्टी उतरते. ‘म्हजें’सारख्या शब्दावर स्वर मोकळा धरावा, अनुनासिक शेवटच्या मात्रेत आणावा.